बर्फाची पेटी घेऊन परभणी, पूर्णा, पालम

परभणी जिल्ह्यात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं मी दोन वर्षांपूर्वी चारचौघांत बोललो होतो, आणि मी बोललेलं सहसा मोडत नाही. तरी यंदा पोळा झाल्यावर तिथं दहा-बारा दिवस राहून आलो. बार्शीत परतल्यापासून जो तो विचारतो, "तिकडं बघण्यासारखं काय आहे?" देवळं, डोंगर, धबधबे यांतलं मी काही पाहिलं नाही. हातपंप पाहिले, विहिरी पाहिल्या, नाले पाहिले आणि एक रक्त तपासायची लॅब पाहिली. तेवढ्याचंच हे वर्णन आहे.

माझा धंदा जीप भाड्यानं देण्याचा. ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, आज दारात दोन गाड्या आहेत, आणि त्यात कुणाची मेहेरबानी नाही. घासाघीस केल्याशिवाय मी मिठाचा पुडासुद्धा घेत नाही. समोरचा फसवणार हे धरूनच बोलायला सुरुवात करायची, म्हणजे फसगत होत नाही, हा माझा नियम. या नियमानं मला उभं केलं. त्यानंच काय केलं, ते पुढं येईल.

पुण्याहून एका बाईंचा फोन आला. डॉक्टर अनघा, पण दवाखान्यातल्या नव्हेत, जंतूंवर संशोधन करणाऱ्या. परभणी जिल्ह्यात पाच दिवस गाडी हवी होती. काम काय, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "पाण्याचे नमुने घ्यायचेत. पाण्यातून पोटात जाणारे जंतू असतात ना, त्यांतल्या काहींवर आता औषधंच चालत नाहीत. ते कुठं कुठं पसरलेत ते शोधतोय."

भाड्याचा आकडा मी पुढं केलाच नाही. कारण माझी थोरली बहीण त्यातच गेली.

आक्काला पालम तालुक्यात दिली होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांना तिथंच राहायचं आहे, पोरींची लग्नं करायची आहेत. दोन वर्षांपूर्वी आक्काला ताप आला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, ताप हटेना. पालमच्या डॉक्टरांनी रक्त काढून दिलं आणि सांगितलं, परभणीच्या लॅबमध्ये न्या, कोणतं औषध चालेल ते कळेल. मी स्वतः नेलं, जिवापाड जपून. लॅबवाला मोईन म्हणून होता. त्यानं बाटली हातात घेतली आणि म्हणाला, "भाई, दुसरं रक्त आणा." दुसरं रक्त म्हणजे दुसरं बिल. असले बाजार मी पुष्कळ पाहिलेत. मी म्हणालो, "आहे तेच तपास." तिसऱ्या दिवशी कागद मिळाला: काहीच वाढलं नाही. पाचव्या दिवशी आक्का गेली.

अंगाची भट्टी झालेली बाई, आणि रक्तात काहीच नाही? मी लॅबमध्ये जाऊन तो कागद मोईनच्या तोंडावर फेकला, त्याला चोर म्हणालो. तेराव्याला आक्काच्या मुलाला, बालाजीला, भरल्या मांडवात म्हणालो, "तू आईला उशिरा हलवलंस." आणि निघून आलो, तो आलोच.

म्हणून मी बाईंना म्हणालो, "मॅडम, भाडं तुम्ही म्हणाल ते. पण माझ्या बहिणीच्या गावची विहीर तुमच्या यादीत घ्यायची. आणि निकाल लागेल तो गावाला सांगायचा."

"काका, यादी आधीच ठरलेली असते."

"मग गाडीपण आधीच ठरलेली आहे, दुसऱ्या कुणाची तरी."

त्या हसल्या. म्हणाल्या, "एकदा माझ्याबरोबर भाजी घ्यायला चला." विहीर यादीत आली. मला काय हवं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. त्या पाण्यात जंतू सापडले, की तोच कागद घेऊन मी मोईनच्या दारात उभा राहणार होतो.

परभणी

पहिल्या सकाळी स्टेशनजवळ सुशीला खाल्ला. चुरमुरे भिजवून, कांदा-मिरची-दाण्याचं कूट घालून परततात. आमच्याकडं कुणी केला तर पाहुण्याला देत नाही, घरातच संपवतात. इथं तो बशीत मानानं येतो, वर लिंबाची फोड. मॅडमनी दोन बशा खाल्ल्या. मी दुसऱ्या बशीवर जास्तीची शेव मागितली आणि मिळवली.

मग बर्फ. मॅडमच्या सोबत एक निळी पेटी होती, दोन माणसांनी उचलावी एवढी. तिच्यात काचेच्या, निर्जंतुक केलेल्या बाटल्या. नमुना भरला की बर्फात, आणि संध्याकाळच्या आत शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत. बर्फाच्या कारखान्यावर मी अर्ध्या लादीच्या भावात पाऊण लादी आणली. मॅडम खूश झाल्या.

"एवढा गार कशाला?" मी विचारलं.

"भरताना जेवढे जंतू होते तेवढेच पोचायला हवेत. उबेत ते वाढत बसतात, मग मोजणीला अर्थ राहत नाही."

त्यांच्याकडं दुसऱ्या, छोट्या बाटल्याही होत्या. आत कागदाची पट्टी. त्यात पाणी भरून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी काळं पडलं तर पाणी वाईट. त्या बाटल्या मात्र त्यांनी टॉवेलात गुंडाळून डॅशबोर्डवर उन्हात ठेवायला सांगितल्या. "यांना वाढू द्यायचंय," त्या म्हणाल्या. "रोखायचं असेल तर गार, वाढवायचं असेल तर ऊब."

हे वाक्य मी ऐकलं, मान डोलावली आणि विसरलो. पुढं काय झालं ते वाचताना तुम्ही ते लक्षात ठेवा.

पहिला दिवस शहरातल्या नाल्यांवर गेला. मॅडम गुडघ्याएवढ्या बुटांत उतरायच्या, बाटलीचं बूड धरून तोंड पाण्याच्या धारेकडं करून भरायच्या. वास असा की मी काचा वर केल्या. त्या निवांत. म्हणाल्या, "माणसानं खाल्लेली औषधं शेवटी इथंच येतात. जंतू त्यांची तालीम इथंच करतात." त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. वासानं नव्हे. त्या लॅबची पाटी मला दुपारी रस्त्यात दिसली होती. रंग नवा दिला होता.

पूर्णा

दुसऱ्या दिवशी पूर्णेकडं. हे रेल्वेचं गाव. माणसं वेळ सांगतानाही गाडीच्या नावानं सांगतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन, मधे कापूस. काळी माती अशी की बुटाला लागली तर बूट सोडून द्यावा पण माती सोडत नाही. आमची बार्शीची माती एवढी हट्टी नाही.

निळ्या पेटीमुळं लोक आम्हाला मासेवाले समजत. एका फाट्यावर एक गृहस्थ मोटारसायकल आडवी घालून उभे राहिले. "मरळ हाय का?"

"पाणी आहे," मी म्हणालो.

"पाणी बर्फात घालून इकायलाव? लय पुढं जाल तुमी."

एका वस्तीवर हातपंप होता. मॅडमनी आधी पाच मिनिटं हापसून पाणी वाहू दिलं, मग स्पिरिटचा बोळा पेटवून पंपाच्या तोंडावर धरला, म्हणजे तोंडावरचे जंतू मरावेत आणि खालचंच पाणी मिळावं. घागर घेऊन आलेली एक म्हातारी बघत होती.

"ओ बाई, पंपाला कामून जाळायलाव? त्यानं काय केलं?"

मॅडमनी समजावून सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि पंपासमोर घागर पालथी घालून तिच्यावर बसली.

"न्हाई द्यायची पाणी. मागं बी आलते तुमच्यासारखे. बाटल्या भरल्या, फोटू काढले. पाणी चांगलं का वाईट, ते सांगायला कुणी आलं न्हाई. आमी तेच प्यायलोत अजून."

मला त्या म्हातारीचा एवढा अभिमान वाटला की काय सांगू. मी मॅडमकडं वळून म्हणालो, "बघा, अट मी एकट्यानं घातलेली नाही." मॅडम लाल झाल्या. उन्हात ठेवायच्या त्या छोट्या बाटल्यांतली एक कोरी त्यांनी काढली, म्हातारीच्या हातानंच तिच्यात पाणी भरून घेतलं आणि ती तिलाच दिली. "आजी, ही चुलीपाशी ठेवा. उद्या काळी पडली तर पाणी उकळूनच प्या. मला फोन करायला लावा कुणाला तरी."

म्हातारी घागरीवरून उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नातवाच्या फोनवरून ती स्वतः बोलली: "बाई, काळीढुस्स!"

पालम

तिसऱ्या दिवशी पालमकडं निघालो. गंगाखेडला गोदावरी ओलांडली. पाणी दुथडी नव्हतं पण गढूळ, जड. पुढं पालमचा रस्ता. आक्काला माहेरी न्यायला आणि परत सोडायला या रस्त्यानं मी किती वेळा आलो असेन. प्रत्येक वळण पाठ.

गाव आलं. विहीर ओढ्याच्या काठाला, कठडा एका बाजूनं ढासळलेला. तिच्यातूनच टाकीत पाणी चढतं आणि टाकीतून नळाला. मॅडमनी दोर लावून बाटली सोडली. मी घराकडं बघत नव्हतो, तरी घर दिसत होतं. तेवढ्यात दारातून बालाजीची बायको, सुरेखा, बाहेर आली. मला ओळखून ती थांबली. पदर घेतला नाही, पाया पडली नाही.

"मामा, गाडीचा आवाज आला म्हणून वाटलं, डाक्टर आले."

"डॉक्टर कशाला?"

"तुमच्या भाच्याला नऊ दिस झाले ताप हाय. तुमाला कोण सांगणार? तुमी तर तोंड न बगायची शपथ घेतलेली."

आत बालाजी पलंगावर पडला होता. तिशीचा धिप्पाड गडी, कापूस झाला होता. ओठ सुकलेले, जिभेवर पांढरा थर. मला बघून उठायला गेला. मी कपाळावर हात ठेवला आणि हात मागं घेतला. तोच ताप. मी ओळखला.

मॅडम दारातच थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आत्तापर्यंत काय काय दिलं?"

सुरेखानं कोनाड्यातला पत्र्याचा डबा आणून पलंगावर पालथा केला. गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे. दोन-दोन गोळ्यांचे, तीन-तीनांचे, कात्रीनं कापलेले. "मेडिकलवाला कापून देतो. दोन दिस ह्या, तीन दिस त्या. ताप उतरला की उरल्याल्या डब्यात. पुन्हा चढला की डब्यातल्या." तिनं एक तुकडा वेगळा काढला. "ह्या सासूबाईच्या उरल्या होत्या. त्या बी दिल्या."

आमच्याकडं तरी दुसरं काय करतात? मी स्वतः आयुष्यभर मेडिकलच्या काउंटरवर "दहा नको, चारच दे" म्हणत आलो आहे. पूर्ण पाकीट घेणारा मला अडाणी वाटायचा.

बालाजीला गाडीत घालून पालमला आणलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मॅडमशी दोन मिनिटं बोलून ठरवलं: आधी रक्त काढायचं, मगच इंजेक्शन. इंजेक्शन आधी गेलं तर रक्तात जंतू सापडणं अवघड. "रक्ताच्या खास बाटल्या माझ्याकडं चारच उरल्यात," ते म्हणाले. "दोन वापरतो." आणि जे इंजेक्शन हवं होतं ते पालमच्या दुकानात नव्हतं. दुकानदारानं गंगाखेडला फोन लावला. इथं ही सोय मोठी छान आहे: औषधाचं पुडकं एस.टी.च्या कंडक्टरकडं देतात, तो पालमच्या स्टँडवर उतरवतो. गाडी तासाभरात येणार होती.

रक्ताच्या बाटल्या डॉक्टरांनी माझ्या हातात दिल्या. मॅडम बालाजीच्या उशाशी बसून त्याला, तो कुठलं पाणी पितो, ते विचारत होत्या. मी बाहेर आलो, पेटी उघडली, बर्फ बाजूला सारून खड्डा केला आणि बाटल्या त्यात नीट बसवल्या. वरून आणखी बर्फ लावला. रक्त म्हणजे दुधासारखं, नासतं. तीन दिवस मी दुसरं काही केलंच नव्हतं. मॅडमनासुद्धा इतकं नीट लावता आलं नसतं.

निघालो. गाडी मी पळवत होतो. दहा-बारा किलोमीटरवर मॅडम म्हणाल्या, "काका, रक्त माझ्याकडं द्या, मी मांडीवर धरते."

"काळजी नको. पेटीत आहे."

"कुठल्या पेटीत?"

"बर्फाच्या."

"गाडी थांबवा!" तीन दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. मी ब्रेक दाबला. त्या मागं गेल्या, पेटी उघडली, बाटल्या काढून गालाला लावून बघितल्या. "काका, हे रक्त आहे, नाल्याचं पाणी नाही! यातले जंतू आपल्याला वाढवायचेत. ते माणसाच्या अंगातल्या उबेत राहणारे. आधीच अर्धमेले असतात, ते गारठ्यात मरतात. मग लॅबमध्ये बाटलीत काहीच वाढत नाही."

काहीच वाढत नाही.

हे शब्द मला पाठ होते. दोन वर्षं मी ते घोकले होते.

"परत फिरा," त्या म्हणत होत्या. "डॉक्टरांकडं अजून दोन बाटल्या आहेत. पण इंजेक्शन द्यायच्या आत पोचायला हवं." त्या फोन लावत होत्या, लागत नव्हता. मी गाडी वळवायला घेतली, तेवढ्यात समोरून लाल एस.टी. धूळ उडवत आमच्या बाजूनं पालमकडं गेली. तिच्यातच ते इंजेक्शन होतं.

मी पाठलाग केला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कारण पुढं जे केलं ते मूर्खपणाचं होतं. एस.टी.ला ओलांडून गाडी आडवी लावली. कंडक्टर दारातूनच ओरडला, "ए! जीप आडवी लावतो का? बापाचा रस्ता हाय का?"

"पालमच्या मेडिकलचं पुडकं माझ्याकडं द्या. माझा भाचा आहे तो!"

"भाचा असू दे, न्हाईतर जावई असू दे. ज्याच्या नावाचं हाय त्यालाच देणार. चिठ्ठी आन."

मी हुज्जत घातली. माझा आवाज चढला, त्याचा चढला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. एक म्हणाला, "मामा, टिकिट काढा आन बसा की आत!" सगळे हसले. मी त्याच्या अंगावर जाणार, एवढ्यात मॅडमनी माझा दंड धरला.

"काका, भांडण जिंकायचंय की पोचायचंय? ती अडवायची नाही. आपण पुढं जायचंय!"

हे मला आयुष्यात कुणी कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, तेही आता सांगता येत नाही. मी गाडीत बसलो. तोवर एस.टी. कडेनं निघून गेली होती. पुढं मेंढरांचा कळप. एस.टी. त्यांच्यात अडकली. मी डाव्या अंगानं शेताच्या कडेला चाकं घातली, सोयाबीनच्या दोन ओळी चिरडल्या, पुढं निघालो. ज्याचं शेत असेल त्यानं मला शिव्या दिल्या असतील. त्या मला मान्य आहेत.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सुरेखा स्टँडकडं जायला पायऱ्या उतरत होती. "थांब!" मी ओरडलो. डॉक्टरांनी उरलेल्या दोन बाटल्या काढल्या. बालाजीच्या दंडाला पुन्हा पट्टा बांधला. तो पडल्या पडल्या म्हणाला, "मामा, पुन्हा रक्त? कामून?"

मॅडम म्हणाल्या, "पहिलं बिघडलं." कुणी बिघडवलं, ते त्या बोलल्या नाहीत.

परत परभणी

या वेळी बाटल्या मॅडमच्या ओढणीत गुंडाळून त्यांच्या मांडीवर होत्या. गंगाखेडच्या पुलावर मी गाडी हळू केली आणि सगळं सांगितलं. आक्काचं रक्त मी आइसक्रीमवाल्याकडून मागून आणलेल्या डब्यात, चहूबाजूंनी बर्फ लावून नेलं होतं. मोईननं बाटली हातात घेतली, तेव्हा ती गार होती. त्याला ते कळलं असणार. म्हणून त्यानं दुसरं रक्त मागितलं. आणि मी काय समजलो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मॅडमनी मांडीवरच्या बाटल्या नीट धरल्या. मग म्हणाल्या, "आक्कांनीही आधी गोळ्या घेतल्या होत्या. त्यामुळंही काही वाढलं नसतं, कदाचित."

"आणि दुसरं रक्त आणलं असतं तर?"

"कदाचित कळलं असतं. कदाचित नाही. काका, मला खरंच माहीत नाही."

कदाचित या शब्दावर मी कधी सौदा केलेला नाही. आता त्यावरच उरलेलं आयुष्य काढायचं आहे.

लॅबमध्ये काउंटरवर मोईनच होता. दाढी पांढरी झाली होती. त्यानं मला बघितलं, ओळखलं, आणि फक्त बाटल्यांसाठी हात पुढं केला. मग थांबला.

"बर्फात तर न्हाई ना आणल्या?"

"नाही. ओढणीत."

त्यानं बाटली तळहातात धरून पाहिली, मान हलवली. "मागच्या टायमाला पण हेच सांगायलो होतो. तुमी ऐकतच नव्हते. खाली-पिली चोर म्हणले."

"दुसऱ्या रक्ताचे पैसे घेणार होतास का?"

"कशाचे पैसे, भाई? बिघडलेल्या बाटलीचे पैसे कोण घेतं?"

मी काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो. माफी मागायला मी शिकलेलो नाही. कशी सुरुवात करतात तेही ठाऊक नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आतून स्टूल आणून दिलं. म्हणाला, "बसा. चहा सांगतो."

पाचव्या दिवशी मॅडम नमुने घेऊन रेल्वेनं गेल्या. मी थांबलो. बालाजीचा ताप इंजेक्शनानं हटत नव्हता. रोज संध्याकाळी सुरेखाचा फोन यायचा: "हाय तसाच हाय." त्या दिवसांत मी परभणीत काय खाल्लं, काय पाहिलं, यातलं काही आठवत नाही. लॅबच्या समोरच्या कडुलिंबाखाली जीप लावून बसायचो, एवढं आठवतं.

रक्त दिल्याच्या पाचव्या दिवशी मोईननं मला आत बोलावलं. काचेची बशी दाखवली. आत सायीसारखा पातळ थर, आणि त्यावर औषधांच्या बारीक चकत्या मांडलेल्या. "वाढलं," तो म्हणाला. "टायफॉइड हाय. आता बगा. जिथं चकतीच्या भवती साफ गोल, ती दवा चालते. जिथं थर चकतीला चिकटलेला, तिथं जंतू दवाला घाबरतच न्हाई." बहुतेक चकत्यांना थर चिकटला होता. डब्यातल्या गोळ्या त्यांत होत्या. पालमला चालू असलेलं इंजेक्शनही त्यांत होतं. दोनच चकत्यांभोवती रुपयाएवढे स्वच्छ गोल होते.

त्यानं माझ्यासमोर पालमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्याच संध्याकाळी औषध बदललं. तिसऱ्या दिवशी बालाजीनं भाकरी मागितली.

पुन्हा गाव

निघण्याआधी गावात गेलो. मॅडमनी फोनवर सांगितलं होतं: विहिरीत मैल्याचे जंतू आहेत, आणि त्यांतले बरेच औषधांना न जुमानणारे. टायफॉइड तिथूनच आला का, हे सांगायला त्यांना अजून महिने लागतील. तोवर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची, पाणी उकळायचं. ठरल्याप्रमाणं मी ते कागदावर लिहून घेऊन ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलं. खाली माझ्या हातानं दोन ओळी वाढवल्या: रक्ताची बाटली बर्फात ठेवू नये. लॅबनं दुसरं रक्त मागितलं तर द्यावं.

मग घरी. बालाजी ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. सुरेखानं पाणी दिलं. "कोमट हाय. उकळल्यालं. गार मिळायचं न्हाई आता."

मी भांडं खाली ठेवलं आणि बालाजीला सांगितलं. तेराव्याला मी जे त्याला बोललो, ते खरं नव्हतं. उशीर त्यानं केला नव्हता. बाटली मी बर्फात नेली होती, दुसरं रक्त मी नाकारलं होतं. एका दमात सांगितलं, मधे थांबलो असतो तर राहून गेलं असतं.

सुरेखा चुलीकडं निघाली होती, ती दारातच उभी राहिली. बालाजीनं अंगणाकडं बोट केलं.

"त्यो आइसक्रीमवाल्याचा डबा," तो म्हणाला. "तुमी दारात आणून ठेवला तवा आईला तहान लागलेली. तिनं त्यातला बर्फाचा एक खडा मागितला. मी दिला. तोंडात धरून म्हणली, माझ्या भावानं आणलाय, लय गार वाटायलंय." तो थांबला. "शेवटचं ती नीट बोलली ते तेवढंच, मामा."

मी भांडं उचललं आणि ते कोमट पाणी पिऊन टाकलं.